बाहीत माया ठेवली नाही

शाळा संपली त्याच आठवड्यात आण्णांनी आपल्या गळ्यातला टेप काढून माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "आजपासनं मापं तू घ्यायचीस, सुले." आण्णा म्हणजे माझे वडील, शिवाजी पेठेतले लेडीज टेलर. पुरुषांचे शर्ट-पँट शिवणारे पेठेत पुष्कळ होते, बायकांचे ब्लाउज शिवणारे दोघं-तिघंच, आणि त्या दोघा-तिघांची अडचण एकच होती. बायका माप देत नसत. अंगाला बरोबर बसणारा एखादा जुना ब्लाउज घरून पाठवायच्या, त्याला मापाचा ब्लाउज म्हणायचं, आणि त्यावरून नवा शिवायचा. आता बाई काही कापडासारखी एका मापाची राहत नाही. बाळंतपणं होतात, आजारपणं येतात, कुणाला सुख मानवतं, कुणी सुकत जाते. मग नवा ब्लाउज काखेत काचला की दोष शिंप्याचा. लेकीनं पडद्याआड माप घेतलं तर हा तंटा मिटेल, असं आण्णांच्या मनानं घेतलं. मला कुणी विचारलं नाही. तशी रीतही नव्हती, आणि खरं सांगायचं तर टेप गळ्यात पडल्यावर मला ऐटच वाटली होती.

दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. तिथं दोन पायमशिनी, कापायचं लांब टेबल, पारा उडालेला आरसा आणि कोपऱ्यात दोरीवर टाकलेला निळ्या चादरीचा पडदा. त्या पडद्याआडची हातभर जागा म्हणजे माझं ऑफिस. सकाळी आई हुलग्याचं माडगं करायची. ते गरम गरम पिऊन कामाला बसलं की दुपारी भाकरी आणि कांदा-लसणीची चटणी पुढ्यात येईपर्यंत उठायचं नाही. जेवणात दोऱ्याचा तुकडा सापडला नाही असा दिवस जात नसे. "गिळ की, आतनं टाचून निघशील," असं आण्णा म्हणायचे आणि दर वेळी आपणच हसायचे. मशिनींचा खडखडाट इतका अंगवळणी पडला होता की दोन्ही एकदम थांबल्या तर शेजारची म्हातारी दारात येऊन विचारायची, "काय झालं गं?" आई उंबऱ्यावर बसून हुक लावायची, काजं करायची. उंबऱ्यावर बसू नये म्हणतात, पण आमच्या घरात उजेड तेवढ्याच जागी होता.

फॅशन कुठून येते, असं माझी नात मला परवा विचारत होती. तिचा ब्लाउज हल्ली खोक्यातून घरपोच येतो. तिला काय सांगू? आमच्याकडं फॅशन दर शुक्रवारी तीनच्या खेळाला यायची. नवा पिक्चर लागला की आण्णा मला आणि आईला पाठवायचे. ताकीद एकच, हिरॉईनच्या तोंडाकडं बघत बसायचं नाही, पाठ आणि बाही बघायची. मी अंधारात पेन्सिलीनं तिकिटाच्या पाठीवर गळा काढायची. पानगळा, मटकागळा, होडीसारखा पसरट गळा. हिरॉईन रडत असली की बरं पडे, कारण ती पाठमोरी पलंगावर पडायची आणि गळा नीट दिसायचा. पिक्चरची गोष्ट काय होती ते मला कधीच धड सांगता आलं नाही. सोमवारपर्यंत त्या गळ्याचा एक नमुना दुकानाच्या दारात टांगलेला असे, आणि आण्णा येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना ठासून सांगत, "मुंबईत सध्या हेच चाललंय." आण्णा जन्मात एकदा मुंबईला गेले होते, तेही चुलत्याच्या दिवसांना.

पडद्याआड मी बाईच्या मागं उभी राहायची, टेप धरायची आणि आकडा मोठ्यानं सांगायची. बाहेर आण्णा मान खाली घालून मापवहीत लिहायचे. छाती, कंबर, उंची, बाही, काखेचा घेर म्हणजे मुंडा. पहिल्या काही महिन्यांतच मला कळून चुकलं की टेपनं आकड्यांपेक्षा पुष्कळ जास्त कळतं. कुणाला दिवस गेलेत ते तिच्या सासूच्या आधी मला कळायचं. कोण उपाशी राहते, कुणाच्या पाठीत गाठ आली आहे, कुणाच्या दंडावर काय उमटलं आहे, सगळं. पहिल्यांदा तसं काही बघितलं तेव्हा मी जेवताना आईला सांगायला गेले. तिनं हातातला घास खाली ठेवला. "आपण अंगाचं माप घ्यायचं," ती म्हणाली, "घराचं न्हाय. पडद्याआडचं भाईर आलं तर उद्यापासनं एक बाई पायरी चढायची न्हाय." आण्णांनी काही ऐकलंच नाही असं दाखवत भाकरीचा तुकडा मोडला.

शालनवहिनी आमच्या दुकानातलं सगळ्यात देखणं गिऱ्हाईक. माहेर शाहूवाडीकडचं, चांगलं भातशेतीचं मोठं घर, आणि सासर आमच्याच पेठेत. नवरा मोठ्या हुद्द्यावर, गल्लीतून चालला तर लोक उठून नमस्कार करायचे. वहिनी उंच, सावळ्या, आणि कसलंही लुगडं-पातळ नेसल्या तरी ते त्यांच्यासाठीच विणलंय असं वाटायचं. हळदीकुंकवाला त्या काय नेसून आल्या यावर पेठेतल्या बायकांची आठवडाभराची चर्चा चालत असे. त्या काळात बाह्या आखूड होत चालल्या होत्या, खांद्यापासून चार बोटं, आणि ती फॅशन आमच्याकडं वहिनींनीच आणलेली.

त्या एका दुपारी आल्या आणि पडद्याआड येऊन म्हणाल्या, "सुले, बाही कोपराखाली घे." मी हसून म्हटलं, "वहिनी, म्हाताऱ्या झाला काय?" त्यांनी पदर काढला. डाव्या दंडावर चार बोटं स्पष्ट उमटलेली, काठानं पिवळी, मधे जांभळी. अंगठा आतल्या बाजूला होता. बाहेरून आण्णांनी विचारलं, "बाही किती गं?" टेप अजून मी लावलाच नव्हता. वहिनींनीच हळू आवाजात सांगितलं, "साडेदहा सांग." मी सांगितलं. मग त्या थोडा विचार करून म्हणाल्या, "आणि कोपराजवळ बारीक चुण्या घाल, वर नाडीसारखी पट्टी लाव. म्हंजे लांब का केली असं कुणी इचारणार न्हाय. हौस म्हणतील."

तसंच झालं. महिनाभरात निम्म्या पेठेला ती बाही पाहिजे झाली. "कुठल्या पिक्चरमधली ओ?" बायका विचारायच्या, आणि आण्णा चष्म्यावरून बघत म्हणायचे, "अजून हिकडं यायचाय पिक्चर." आमच्यात तिचं नावच पडलं, शालन बाही. दसऱ्यापर्यंत आमच्या दोन मशिनी पुरेनात. मी चुण्या घालघालून थकले. एका बाहीला अठरा चुण्या, सारख्या, दोऱ्यावर ओढून, आणि मग पट्टी. कॉलेजात जाणाऱ्या पोरी, नव्या नवऱ्या, एक तर माझ्याच वर्गातली मैत्रीण. मैत्रीण आरशासमोर हात वळवून वळवून बघत होती आणि मला म्हणत होती, "किती गं नशीबवान तू, असलं छान छान काम करतीस." मी हो म्हटलं. माझी बोटं तेव्हा सुईनं इतकी चाळणी झाली होती की मीठ लावून भाकरी खाता यायची नाही. पण खरा शीण बोटांचा नव्हता. वहिनी दर दीड-दोन महिन्यांनी येत राहिल्या आणि मी दर वेळी तो हात बघत राहिले. कधी डावा, कधी उजवा. एकदा मी धीर करून विचारलं, "वहिनी, माहेरी कुणाला सांगितलं न्हाय?" त्या म्हणाल्या, "कसं सांगू? तोंड उघडलं की रडूच येतंय, आणि रडू आलं की आई म्हंती, सासरी एवढं सुख, आणि रडतीस कशाला."

मग लग्नसराईत एक दिवस एक तरुण माणूस दुकानात आला. अंगात इस्त्रीचा सदरा, पायाला लाल मातीचा थर. "बसा पावणं," आण्णा म्हणाले. तो शालनवहिनींचा धाकटा भाऊ यशवंत. त्याचं लग्न ठरलं होतं. अक्कासाठी त्यानं स्वतः शालू घेतला होता, जांभळा, आणि त्यातलंच ब्लाउजचं कापड काढून आणलं होतं. "तिचं माप तुमच्याकडं हाय न्हवं? तिला सांगू नका. मी न्यायला येतो. हळदीच्या सकाळी एकदमच अंगावर घालायचाय," असं तो लहान पोरासारखा उत्साहानं सांगत होता. हळदीला भावानं घेतलेलंच नेसायचं, दुसरं काही चालायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत. आण्णा चहा सांगायला बाहेर गेले तेव्हा त्यानं आवाज उतरवला. "ताई, एक इचारू? आमची अक्का बरी हाय न्हवं? मी घरी गेलो की नुसता च्या करती, बोलतच न्हाय. तुमच्याकडं येती म्हणं सारखी."

तो सरळ माझ्याकडं बघत होता. आई उंबऱ्यावर होती, तिचा हुक लावणारा हात थांबला. मी म्हटलं, "बऱ्या हैत की. त्यांना काय झालंय?" त्याचा चेहरा लगेच मोकळा झाला. तो मोकळा झालेला चेहरा मला या वयातही दिसतो, आणि दिसला की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

त्या सुमाराला आण्णा ब्लाउजचं धड कापायचे आणि बाह्या कापायचं काम माझ्याकडं आलं होतं. आमच्या कामात शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखून ठेवतात त्याला माया म्हणतात. अंग भरलं तर उसवून सैल करता यावं, बाही आखूड वाटली तर दुमड सोडून लांब करता यावी म्हणून ती ठेवायची. आण्णांचं पहिलं शिकवणं तेच, शिवण वाकडी गेली तरी चालेल, पण माया ठेवल्याशिवाय कात्री चालवायची नाही. त्या जांभळ्या कापडावर आण्णांनी खडूनं साडेदहाची खूण करून दिली होती. मी ती पुसली आणि सहावर केली. सहावर केली आणि बरोबर सहाच्या कडेनं कापलं. दुमडीला कापड नको म्हणून काठाला पातळ गोट लावला. आत बोटभरसुद्धा माया ठेवली नाही. उसवून उसवणार काय? हळदीच्या सकाळी घरभर बायका असतील, अंगावर हाच ब्लाउज असेल, आणि दंड सगळ्यांना दिसेल. मला तोंडानं जे सांगवलं नाही ते मी कात्रीवर ढकललं. एक गोट मला तीनदा उसवावा लागला.

ब्लाउज मीच इस्त्री केला, बाह्या आत घालून घडी केली, म्हणजे आण्णांना दिसू नये. यशवंत आला तेव्हा मीच कागदात गुंडाळून दिला. आणि गुंडाळताना, रोज शंभरदा करते तसं, उरलेलं कापड घडी करून आत ठेवलं. आण्णांच्या दुकानातून गिऱ्हाइकाचं कापड, अगदी वीतभर असलं तरी, परत गेल्याशिवाय राहत नसे. शिंपी कापड मारतो ही म्हण आमच्या दुकानाला लागू पडू नये म्हणून. माझा हात आपला चालत राहिला. काय केलं ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

पुढचे आठ-दहा दिवस मी रस्त्यावर पाऊल वाजलं की दचकायची. कधी वाटायचं, यशवंत बहिणीला घेऊन गेला असेल, आता वहिनी परत यायच्याच नाहीत. असं वाटलं की चार घास जास्त जायचे. कधी वाटायचं, भर मांडवात तिची शोभा झाली असेल, आणि ती केली मी. मग पाणीसुद्धा उतरायचं नाही. आई माझ्याकडं बघून म्हणाली, "कुणाचं काय बिघडवलंयस का?" मी म्हटलं, "न्हाय."

वहिनी एका दुपारी आल्या. हातात तोच जांभळा ब्लाउज. आण्णांपुढं टेबलावर ठेवून म्हणाल्या, "ह्या मापाचे आणखी दोन शिवा." आण्णांनी तो उलगडला. सहा इंचांवर माझी बाही संपत होती, आणि तिथून खाली त्याच कापडाची साडेचार इंच रुंद पट्टी जोडलेली होती. हातशिलाई होती. इतकी बारीक, इतकी सारखी, की आण्णांनी खिडकीच्या उजेडात धरून बघितली. जोड लपावा म्हणून त्यावरून शालूच्या पदराच्या काठाची जरी फिरवली होती. मग आण्णांनी ब्लाउज उलटा केला आणि माझी शिवण बघितली. "बाहीत माया कुठाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ठेवली न्हाय." त्यांनी माझ्याकडं बघितलं, वहिनींकडं बघितलं, आणि कात्री टेबलाच्या त्यांच्या बाजूला ओढून घेतली. त्या कात्रीला वर्षभर त्यांनी मला हात लावू दिला नाही.

पडद्याआड वहिनी माझ्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या.

"मुद्दाम केलंस न्हवं?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मला तिथं उघडल्यावरच कळलं. माजघरात मी आणि आईच हुतो. अंगात घातला, आणि आईनं बघितलं. दंड हातात धरला तिनं. बोटानं चेपून बघितलं, दुखतंय का म्हणून. सुले, मला वाटलं आता ती म्हणंल, जाऊ नको परत. ऱ्हा हितंच. मी तेवढं ऐकायला तशीच उभी ऱ्हायले."

"मग?"

"मग दाराला कडी घातली. म्हणाली, सुई कुठं हाय?"

बाहेर आण्णांची मशीन चालू होती. मी विचारलं, "आणि यशवंतदादा?"

"त्याला न्हाय सांगितलं. त्याच्या हळदीत तमाशा नको म्हणाली. कापड तू घातलं हुतंस त्यात, त्यातनंच पट्टी काढली. बायका वव्या म्हणत हुत्या भाईर, आणि ती शिवत बसली. सुईचं नाकं तेवढं तिला दिसत न्हाय, सुई मी ओवून दिली." मग त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "तू केलंस ते बरं केलंस का वाईट, मला कळंना झालंय बघ. आधी मला वाटायचं, तिला ठाऊक न्हाय म्हणून ती गप हाय."

मला रडू आलं. त्यांना आलं नाही. मी त्यांना म्हटलं, मी यशवंतदादांना सांगते, आज पत्र घालते. त्यांनी माझं मनगट धरलं, दुखेल इतकं घट्ट. "आता न्हाय. त्याच्या घरात नवी नवरी आलीया." आणि मी ऐकलं. अठराव्या वर्षी मी ऐकलं आणि मग पुढंही ऐकतच राहिले. पत्र काही घातलं नाही. पुढं कधीतरी नवऱ्याची बदली झाली आणि त्या पेठ सोडून गेल्या. कुठं गेल्या ते मी विचारायला हवं होतं.

बाहेरून आण्णांनी विचारलं, "बाही किती गं?" मी टेप धरला. साडेदहाच्या थोडं खालपर्यंत नवं काहीतरी उमटलेलं दिसत होतं. "अकरा," मी मोठ्यानं सांगितलं.

त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनी तो जांभळा ब्लाउज घालून आल्या. बाहीच्या मधोमध जरीचा जोड, खाली पट्टी. पेठेनं असलं काही बघितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत तिघी जणी पायरीवर बसलेल्या. आण्णांनी तिला जोडबाही नाव दिलं आणि मुंबईत सध्या हेच चाललंय म्हणून सांगितलं. ती फॅशन दोन दिवाळ्या टिकली. मी एकामागून एक बाया पडद्याआड घेतल्या, थोरल्या, धाकट्या, हसणाऱ्या, गप्प बसणाऱ्या, आणि सगळ्याच म्हणायच्या, कोपराखाली घे हं. त्यातल्या कितीजणींना ती हौसेनं पाहिजे होती, मला माहीत नाही. मी पदर काढायला सांगायची, आकडा सांगायची आणि हाताकडं बघायचं टाळायची.